बोटचेपी तोंडओळख

माझ्या लॅपटॉपने मला ओळखायला पहिल्यांदा नकार दिला, तेव्हा मी नुकतीच भांडी घासून, हात जेमतेम पुसून, दहा मिनिटांत सुरू होणाऱ्या ऑनलाइन बैठकीसाठी टेबलाशी येऊन बसलो होतो. उजव्या हाताची तर्जनी नेहमीच्या जागी टेकवली आणि ठसा ओळखता आला नाही, असे वाक्य पडद्यावर उमटले. मी बोट विजारीला पुसून पुन्हा टेकवले, मग दाबून टेकवले, मग लाडीगोडीने टेकवले आणि शेवटी जरा तिरके करूनही पाहिले. यंत्राचे वाक्य तेच राहिले. बदलत गेला तो माझा सूर.

बोटांच्या ठशांविषयी माणसाला उगाचच अभिमान असतो. दोन बोटांचे ठसे जुळण्याची शक्यता सहा हजार चारशे कोटींत एक आहे, असा हिशेब ठशांचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ साली मांडला होता. इतके दुर्मीळ बोट बाळगणाऱ्या माणसाला स्वतःच्याच लॅपटॉपसमोर अनोळखी ठरावे लागते, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही. वास्तविक यात यंत्राचा दोष फारसा नसतो. ते आपल्या ठशाचे छायाचित्र जपून ठेवत नाही. रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात याची आकड्यांतली नोंद तेवढी ठेवते. बोट टेकले की त्वचेचे कंगोरे सेन्सरला भिडतात, मधल्या खाचांत हवा राहते आणि या दोहोंमधल्या विद्युतभारातील सूक्ष्म फरकावरून सेन्सर ठसा वाचतो. बोट ओले असले की खाचांत पाणी भरते, मग कंगोरे आणि खाचा त्याला सारखेच वाटू लागतात. त्यात भर म्हणजे, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांवर सुरकुत्या पडतात, त्या बोटे पाणी पिऊन फुगल्याने नव्हे, तर आपल्याच मज्जातंतूंच्या हुकमाने रक्तवाहिन्या आकसल्याने. थोडक्यात, मला ऐन बैठकीच्या वेळी परका ठरवण्याच्या कटात माझी स्वतःची मज्जासंस्थाही सामील होती.

बोटाने दगा दिला तरी चेहरा होताच. या कामासाठी लॅपटॉपमध्ये एक निराळा कॅमेरा असतो. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चेहऱ्यावर टाकून पाहतो, म्हणून अंधुक खोलीतही त्याचे अडत नाही. त्याचे अडते ते भरपूर उजेडात, कारण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण मुबलक असतात आणि मी नेमका उन्हाने भरलेल्या खिडकीकडे पाठ करून बसलो होतो. मी पडदा ओढला. आता पडद्यावर, म्हणजे लॅपटॉपच्या, थोडे जवळ येण्याची सूचना आली. मी जवळ सरकलो, तर थोडे मागे होण्याची आली. लग्नाचे फोटो काढतानाही इतक्या आज्ञा मी पाळल्या नव्हत्या. चष्म्याच्या काचेवर चकाकी येत असावी, अशी शंका येऊन मी चष्मा काढला. त्याबरोबर यंत्राने काहीतरी सांगितले, पण चष्म्याशिवाय ते मला वाचता येईना. चष्मा चढवून वाचायला जावे, तोवर ती सूचना निघून गेलेली असे. हा खेळ तीन वेळा झाला. यंत्र मला ओळखत नव्हते आणि मी त्याचे वाचू शकत नव्हतो, एवढी समानता मात्र आमच्यात होती.

उरला पिन. बोट आणि चेहरा दोन्ही नापास झाले तर आत शिरता यावे, म्हणून तो आधीच ठरवावा लागतो. पण बोट रोज चालत असल्याने पिन वापरायची वेळ येत नाही आणि जे वापरले जात नाही ते विसरले जाते. मी आठवणीतली सगळी वर्षे, लग्नाच्या वाढदिवसासह, टाकून पाहिली. (तो चुकीचा निघाला याचा अर्थ पिन वेगळा होता की वाढदिवस, हे मी घरात विचारलेले नाही.) चार चुका होताच यंत्राने मला 'ए१बी२सी३' अशी अक्षरे टंकायला सांगितली. की-बोर्डवर चुकून काही पडलेले किंवा मांजर बसलेले नाही, याची ते खात्री करून घेत असते. इयत्ता पहिलीचा हा पेपर मी पहिल्याच प्रयत्नात सोडवला, पण त्यापुढचा पिन पुन्हा चुकला.

मग पिन विसरल्याची कबुली दिली. त्यासाठी खात्याचा पासवर्ड लागला, जो सुदैवाने वहीत होता, आणि नंतर मोबाइलवर आलेला संकेतांक लागला. मोबाइल उघडण्यासाठी मी तीच सुरकुतलेली तर्जनी पुढे केली. त्यानेही ओळख दाखवली नाही, मात्र त्याचे अंक मला पाठ होते, कारण मोबाइल बंद करून चालू केला की तो बोटाला दाद देत नाही, अंकच मागतो. माणसाला अधूनमधून असे छळणे किती दूरदर्शीपणाचे आहे, हे तेव्हा पटले. मी आत पोहोचलो, तेव्हा बैठकीत आभार मानणे चालले होते.

त्या संध्याकाळी मी ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा बसवला, अपडेट केले आणि लॅपटॉप दोनदा रिस्टार्ट केला. शेवटी सेन्सरवरचा तेलकट थर मऊ फडक्याने पुसला, जे खरे तर सर्वांत आधी करायला हवे होते. चष्म्यासह आणि चष्म्याविना चेहरा नव्याने दाखवून ठेवला. एव्हाना बोट सुकले होते आणि लॅपटॉप पहिल्याच स्पर्शाला, काही घडलेच नाही अशा थाटात, उघडला.

या सगळ्यातून माझ्या हाती एक भक्कम सबब मात्र लागली. कामाच्या दिवशी भांडी घासली तर लॅपटॉप उघडत नाही, हे मी सप्रमाण सिद्ध करू शकत होतो आणि आठवडाभर केलेही. आठव्या दिवशी बायको लॅपटॉपच्या सेटिंग्ज उघडून बसली होती.

"अहो, यात दहा बोटं नोंदवता येतात म्हणे," ती म्हणाली. "तुमचं तेच बोट भिजलेलं असताना परत नोंदवलं तर?"

मी म्हणालो, की एकदा नोंदवलेले बोट यंत्र पुन्हा घेत नाही, आणि ते खरेही होते. तिने शांतपणे मोठ्या पातेल्यांकडे बोट दाखवले. अर्ध्या तासाने, हात कोरडे पुसून, मी सुरकुतलेली तर्जनी सेन्सरवर दहा-बारा वेळा उचलून टेकवली. यंत्राला ती ओळखीची वाटलीच नाही, त्यामुळे त्याने ती नवा पाहुणा म्हणून आनंदाने दाखल करून घेतली. आता लॅपटॉप कोरड्या बोटाने उघडतो आणि भांडी घासून आलेल्या बोटानेही. बैठका अकराच्या असतात. पातेली दहाला तयार असतात.