पेटीत दूध किती बसतं?

रविवारी वरंध घाटाच्या अलीकडे, नीरा देवघरचं पाणी नुकतं दिसायला लागलं आणि माझ्या मोटरसायकलचं मागचं चाक बसलं.

पंक्चर कुणाचंही होतं. माझ्याकडे कॉम्प्रेसर होता, हवा मोजायचं डिजिटल यंत्र होतं, पंक्चर किटसुद्धा होतं. फक्त किट ट्यूबलेस टायरचं होतं आणि गाडीची चाकं स्पोकची. रिमला प्रत्येक स्पोकपाशी भोक, तिथून हवा जाणार, म्हणून आत ट्यूब लागते. हे मी आमच्या रायडर मंडळींना चहाच्या टपरीवर निदान तीनदा समजावून दिलेलं आहे. कंपनीचे पाने? ते जड होतात म्हणून घरी, जुन्या वर्तमानपत्रांखाली.

तेवढ्यात दूध घालून परतणारे एक मामा थांबले. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन, डोक्यावर टोपी. त्यांनी चाकाकडे पाहिलंच नाही. थेट माझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांपाशी गेले आणि बोटानं टकटक करून बघितलं.

"किती लिटरची?"

"एकेक पस्तीस."

"म्हंजी दोन्हीत सत्तर. झाकण घट हाय का?"

"मामा, यात सामान ठेवतात. वॉटरप्रूफ आहे."

"मंग दूध ऱ्हाईल." त्यांनी झाकण उघडून आत हात घातला. आत रेनकोट, दोऱ्या, स्टोव्ह आणि बायकोनं दिलेला दहीभाताचा डबा. मामांचा हात हे सगळं बाजूला सारत तळाच्या कोपऱ्यात जाऊन अडकला. "पर ह्याला कोपरं हायती. कोपऱ्यात दूध नासतंय. बोट जाईना, धुवायचं कसं? कॅन गोल का आस्तोय मंग?"

मी उगाच पेटीची बाजू घेऊन भांडायला लागलो. मामांनी किंमत विचारली. दोन पेट्या 28,000 च्या. मी लाजून निम्मी सांगितली.

"चौदात पारडी येती," मामा म्हणाले. "मोठी झाली की दूध देती. ही काय देती?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. काल ऑफिसात मीटिंग चालू असताना एक सुचलं होतं, पण तेही फारसं बरं नाही.

मग त्यांची नजर माझ्यावर आली. गुडघ्याचे गार्ड बघून म्हणाले, "गुडगं गेलं व्हय? आमच्या सासूला बी आसंच पट्टं दिल्यात." पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी खांद्यावरून तोंडाशी आलेली दिसली, तेव्हा मात्र आवाज खाली आला. "सलाइन लावून कशाला भाईर पडायचं, साहेब?"

हसा. सगळेच हसतात. सोसायटीचा वॉचमन मला 'अंतराळवीर' म्हणतो. पण 2022 साली ताम्हिणीत वळणावर कुणीतरी खडी पसरून, ती तशीच टाकून जेवायला गेलं होतं, तिथं मी आडवा झालो तेव्हा कोपराचा गार्ड खरवडला आणि कोपर शाबूत राहिलं. त्या खडीवर कुणी विनोद केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या पुण्यात हेल्मेटसक्ती आली की मोर्चे निघतात, खड्ड्यासाठी फार तर त्यात एखादी फांदी रोवतात. मामांनाही मी विचारलं, हेल्मेट का नाही? म्हणाले, "दूध हिंदकाळल्यालं ऐकू येत न्हाय." कॅन रिकामे होते, पण ते राहू दे.

मामांनी सीटखालून चिंधीत गुंडाळलेला स्क्रू पाना काढला आणि दहा मिनिटांत चाक माझ्या हातात दिलं. "बसा मागं."

तर मी असा बसलो: अंगात चिलखत, डोक्यावर टोकदार हेल्मेट, मांडीवर चाक, पोटऱ्यांना दोन्हीकडून कॅन. गावात शिरताना पारावरून कुणीतरी विचारलं, "कोन रं ह्ये?"

"हायती एक," मामा गाडी न थांबवता ओरडले. "आजारी हायती. चाक घिऊन आल्यात."

पंक्चरवाल्यानं 80 रुपये घेतले. मामांनी परत आणून सोडलं, चाक बसवून दिलं आणि पैसे काही घेतले नाहीत. किक मारता मारता एवढंच म्हणाले, "पेट्या इकणार आसाल तर नको."

या सगळ्यात गाडी दोनेक तास उन्हात उभी होती. घाट राहिलाच, माघारी आलो. घरी पेटी उघडली तर दहीभाताचा डबा मामांनी सारला होता तसाच आडवा, झाकण सुटलेलं. आज बुधवार. ब्रश झाला, लिंबू झालं, खायचा सोडा झाला. कोपऱ्यात अजून वास आहे आणि बोट जात नाही.