सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी

बायकोची पाळी जायची वेळ आली तेव्हा आमच्या घरात त्यावर मोकळेपणानं बोलणं झालं. मध्यरात्री तिला घाम फुटायचा, मी उठून पंखा वाढवायचो, डॉक्टरकडेही मीच नेलं. स्वतःच्या वेळी मात्र दीड वर्ष गप्प बसलो.

वय 53. दुपारी जेवण झालं की डोळे मिटायचे, मुलावर विनाकारण खेकसायचो, आणि बायकोजवळ जावंसंच वाटेना. हे शेवटचं लिहिताना आत्ताही हात अडखळतोय. पण तेच आपण पुरुष कुणाला सांगत नाही, म्हणून लिहितोय.

शेवटी तीच म्हणाली, "अहो, माझ्या वेळी तुम्ही मला ओढत नेलंत. आता तुम्ही चला." तरी मी परस्पर लॅब गाठली. ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी सहाला, वाटेत वडापाव खाऊन. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं मुख्य हार्मोन, आलं 268. जिममधल्या ट्रेनरनं रिपोर्ट बघितला न बघितला तोच टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचा कोर्स सांगितला. मी पैसे भरायच्याच बेतात होतो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "रक्त किती वाजता दिलंत?"

हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवसभरात उतरत जातं, खाल्ल्यावर आणखी खाली येतं. म्हणून रक्त सकाळी द्यायचं, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. साधारण 300 च्या खाली दोनदा आलं आणि जोडीला त्रासही असला, तरच कमतरता म्हणतात. माझे सकाळचे आकडे आले 352 आणि 361.

मग थकवा कसला? ते बायकोनंच सांगितलं: "घोरता घोरता यांचा श्वास थांबतो. मी हलवते तेव्हा परत सुरू होतो." झोपेची तपासणी झाली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला. साखरही वाढलेली. दीड वर्ष मी ज्याला वय समजत होतो ते हे होतं. आता रात्री मास्क लावून झोपतो, आणि दुपारी जागा असतो.

पन्नाशीतल्या पुरुषाच्या अशा त्रासाला 'पुरुषांचा मेनोपॉज', म्हणजे बाईची पाळी जाते तसलंच काही, म्हणतात; तो शब्द मला म्हणूनच पटत नाही. बाईचं हार्मोन इस्ट्रोजेन काही वर्षांत झपाट्यानं खाली येतं. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का, इतकं हळू उतरतं. युरोपात 40 ते 79 वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांची तपासणी झाली होती, 2010 साली निष्कर्ष आले. लक्षणं आणि कमी आकडा दोन्ही जुळले ते फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांचं काय? पोट सुटलं की तिथल्या चरबीतच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होत राहतं. झोपेचंही तसंच. शिकागोत तरुण, धडधाकट मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्के घसरलं. मग पन्नाशीत, डायबिटीस घेऊन, रात्री एकपर्यंत मोबाईल बघणाऱ्यानं काय अपेक्षा ठेवायची?

ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांनी उपचार जरूर घ्यावेत. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. पण ते डॉक्टरकडून, रक्त किती घट्ट होतंय आणि प्रोस्टेट कसं आहे यावर लक्ष ठेवून. ट्रेनरकडून नाही. हे मी कळकळीनं सांगतोय.

कारण काल मावसभावाचा फोन आला. वय 41, दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न चाललेत, आणि यालाही जिममध्ये तेच इंजेक्शन सुचवलेलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळायला लागलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना कामाचा निरोप देणं थांबवते आणि शुक्राणू तयार होणं जवळजवळ बंद पडतं. मूल हवं असलेल्या माणसाला हे कुणीही सांगितलं नव्हतं! फोनवर बराच वेळ शांतता, मग म्हणाला, "दादा, तू येशील का बरोबर?"

शनिवारी सकाळी आठला आम्ही दोघं लॅबमध्ये जातोय. चहा त्यानंतर.