पावती कुणाच्या नावावर आहे? – एका गिरगावकराला उत्तर

नमस्कार,

गिरगावातल्या जुन्या इमारतींमधल्या, आतून नव्या केलेल्या जागा भाड्याने घेताना काय बघावं यावर मी लिहिलं आणि तुम्ही चांगलेच तापलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वडिलांच्या पगडीच्या (मालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) खोलीवर कर्ज काढून टाइल्स, फॉल्स सीलिंग, एसी, आत संडास-बाथरूम केलं. आता स्वतः डोंबिवलीला राहून त्या भाड्यावर हप्ता फेडायचा, तर माझ्यासारखे चार दिवसांचे पाहुणे लोकांना 'कागद मागा' म्हणून पढवतात. 'गिरगावात शब्दावर चालतं', हे तुमचं वाक्य.

शब्दावर चालतं, पण दोन्ही बाजूंचं पटतंय तोवरच. पगडीला कमी लेखायचा माझा हेतू नव्हता आणि नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पगडी घेणं-देणं कायदेशीर केलं आहे, त्यामुळे तुमचा राहण्याचा हक्क पक्का. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि दुसऱ्याला राहायला देण्याचा वेगळा. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या परवान्यावर) कुणाला आणलं, तर त्याच कायद्याखाली मालक तुमच्यावर जागा खाली करण्याचा दावा लावू शकतो. दावा तुमच्यावर, पण ट्रक बोलवायची पाळी डिपॉझिट भरून तुमच्या खोलीत राहायला आलेल्यांवरही येणार. त्यांनी 'भाडेपावती कुणाच्या नावावर आहे, मालकाचं पत्र आहे का' असं विचारलं तर त्यात तुमचा अपमान कुठे झाला?

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं तुम्ही सांगता. ब्रोकरही छातीठोक तेच सांगतात. पण याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी जागा देणाऱ्याची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे हा कागद तुमच्याच फायद्याचा. मात्र नोंदणी झाली म्हणजे मालकी कुणी तपासली, असं भाडेकरूनेही समजू नये.

आता इमारतीबद्दल, कारण 'नवीकोरी खोली' या शब्दांवर माझा खरा राग आहे. मागे मी एक जागा पाहिली. पांढरीशुभ्र, दिवे तर असे की दागिन्यांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटावं. फॉल्स सीलिंगमधला एक दिवा निखळून लोंबत होता. त्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारला, तर सागवानी तुळईचं भिंतीत शिरणारं टोक काळं पडलेलं आणि ओलं. वरच्या मजल्यावरही हल्लीच 'आत संडास' झाला होता. या इमारतींत तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कोबा आणि वर लादी. संडास गॅलरीच्या टोकाला, मोरी बाहेरच्या भिंतीशी, ते उगाच नाही. संडास आत घेतला की पाइपाला उतार द्यायला जमीन उचलावी लागते, मग विटांचे तुकडे नि सिमेंट भरतात. त्याचं वजन तुळयांवर, आणि गळती लागली तर पाणीही तिथेच. खालच्याने छत झाकून घेतलेलं, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. तुमच्या खोलीत असंच असेल असं मी म्हणत नाही. पण बघायला येणाऱ्याने खालच्या शेजाऱ्याचं छत बघावं, जिन्याखाली टेकू लावलेत का ते बघावं, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झालंय का विचारावं. तीस वर्षांवरच्या इमारतींना ते पालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी काढते, ती चाळायला पाच मिनिटं लागतात.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मालक हात वर करतात आणि भाडेकरू स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करतात, हे खरंय. मालकांचंही गणित आहे म्हणा. १९४७ च्या भाडे कायद्याने बरीचशी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, तेवढ्यात जिन्याचा बल्बसुद्धा बदलून होत नाही. पण हे दुखणं तुमचं आणि मालकाचं. त्याची किंमत नव्या भाडेकरूने का मोजायची? उद्या इमारत रिकामी करायची वेळ आली, तर संक्रमण शिबिरासाठी (तात्पुरत्या घरासाठी) आणि पुनर्विकासात हक्क तुमचा धरणार. त्याच्या हातात अकरा महिन्यांचा करार, बस्स.

मेट्रोचं गिरगाव स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून विचारणारे वाढलेत, ब्रोकर हवेत आहेत. तुमची खोली रिकामी राहणार नाही. मालकाचं पत्र मिळत असेल तर घ्या आणि जाहिरातीत तसं स्पष्ट लिहा. माझ्या ओळखीतले दोघे ठाकूरद्वार ते फणसवाडी या पट्ट्यातच जागा शोधताहेत, त्यांना मी स्वतः तुमच्याकडे पाठवतो. फक्त ते खालच्यांचं छत बघायला मागतील, तेवढं शेजाऱ्यांना सांगून ठेवा.