दहा एकांना गाडी घसरते

नुसत्या १ या अंकाने बनलेल्या संख्यांच्या वर्गांवरचा तुमचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. १११११११११ (नऊ एक) चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हे बरोबर, मात्र 'कितीही एक घेतले तरी हा डोंगर चढत जातो' हे चूक आहे. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. डाव्या चढणीवरचा ८ गायब!

मोबाइलचा कॅल्क्युलेटर शेवटचे आकडे गिळतो, म्हणून काल रात्री लेकीला वीजबिलाच्या पाठीवर गुणाकार मांडायला लावला. एकांच्या ओळी जिन्यासारख्या सरकत जातात, मधल्या रकान्यात दहा एक जमतात. शून्य लिहून हातचा १. तो शेजारच्या नवाला मिळाला की तिथेही दहा, परत हातचा, आणि बिचाऱ्या आठाचा नऊ होतो. लेक म्हणाली, "बाबा, ही तर ठाण्याची गर्दी. एकाने ढकललं की पुढचे दोघं हलतात."

नऊ एकांचे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणजे त्या सतरा अंकी वर्गाला बरोबर ४५ विभाजक. अंकांची बेरीज ८१, तोही वर्गच.

आणि लेखात गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं नाव कसं नाही? १९०५ मध्ये डहाणूला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात जन्मलेले, शाळाही ठाण्यातच. या डोंगरासारख्या वर्गसंख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं, ते डेम्लो, म्हणजे आपल्या आजच्या डोंबिवली स्टेशनवरून! कल्पना तिथे सुचली म्हणून. मी रोज तिथून लोकल पकडतो, मला अजून चौथी सीटसुद्धा सुचलेली नाही.