जीटी मारलेला नकाशा

परवा राजवाड्यावर चहा घेताना पिंट्यानं फोन पुढं केला. चिमणपुऱ्यातल्या बोळांची नावं एका रात्रीत ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर, टाकली म्हणे. अक्कीनं विचारलं, "फिरलास कधी?"

"फिरायचं कशाला? गुगल मॅप शेजारच्या टॅबात उघडा होता की!"

झालं, अक्की पेटला.

"अरे येड्या, तिथनं बघून टाकायचं नसतं. कळलं की तुझ्या एडिट उडणार, आन् त्यावर दुसऱ्यानं राबून केलेलं पण जाणार."

पिंट्या म्हणजे एलएलबीला ॲडमिशन झाल्यापास्नं चहावाल्याला पण कलम सांगतोय, लगेच बाह्या सरसावल्या. "फॅक्टला कॉपीराइट नसतो! सुप्रीम कोर्ट, मोडक केस, २००७! नुस्ती मेहनत केली म्हणून हक्क मिळत नाही!"

"एक नाव फॅक्ट रं. गठ्ठ्यानं उचललंस की तो डेटाबेस, आणि हा नकाशा सांभाळणारं फाउंडेशन रजिस्टर इंग्लंडात, तिथं डेटाबेसला वेगळा हक्क आहे. गुगलच्या अटी मान्य करूनच वापरतोस ना? इंग्लंडातच ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याचे नकाशे उचलले म्हणून ऑटोमोबाइल असोसिएशन या गाडीवाल्यांच्या संघटनेनं २००१ ला २ कोटी पौंड मोजले. कशावरनं सापडले? रस्त्याच्या जाडीवरनं!"

पिंट्या म्हणे, साताऱ्यात कोण येतंय बघायला.

मी पूर्ण अक्कीच्या बाजूनं. २००४ ला हा नकाशा सुरूच झाला तो सरकारी नकाशे पैशात आन् अटीत अडकलेले म्हणून, कुणीपण बिनघोर वापरावा हीच त्याची ताकद, त्यात ढापलेला माल घुसला की ती गेली. आन् अडतंय कुठं सांगा? बिंगच्या सॅटेलाइट फोटोवरनं घरं-रस्ते काढायला परवानगी आहे, नावं तेवढी चालत जाऊन आणायची. गेल्या रविवारी अक्कीबरोबर गेलो, तर ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या आजींनी एकाच बोळाची दोन नावं सांगितली, पाटीवर तिसरंच. आम्ही तिन्ही टाकली, जुनं नाव, दुसरं नाव असे वेगळे रकाने असतात त्यात. गुगलवर यातलं एकपण न्हाय.

तेवढ्यात मास्तर, इतका वेळ गप होता, म्हणाला, "याची सवयच हाय ती. डिप्लोमाला माझ्या शीटची काचेखाली बल्ब लावून जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारली, आणि खाली माझाच रोल नंबर पण गिरवला."

पिंट्या "तो मुद्दाच वेगळा, तो मुद्दाच वेगळा" ओरडत राहिला, कोण ऐकतंय, अक्की तर हसून हसून बाकड्यावरनं खाली.