युरिपिडीसच्या नाटकांमुळे अथेन्सचे गुलाम सुटले का?

सध्या एक दावा खूप फिरतो आहे: ग्रीक शोकांतिकेने गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला, नाटककार युरिपिडीसने अथेन्सचं मन बदललं, आणि म्हणूनच इ.स.पू. ४०६ मध्ये तिथल्या लोकशाहीने गुलामांना मुक्त करून नागरिकत्व दिलं. यातली घटना खरी आहे. तिला जोडलेलं कारण खोटं आहे.

आधी ४०६ बघू (इथली सगळी सालं इ.स.पू.). अथेन्सचा शत्रू स्पार्टा याने अथेन्सचा सेनापती कॉनॉन याचा ताफा मिटिलिनी बंदरात कोंडला होता. तो सोडवायला अथेन्सने ३० दिवसांत ११० जहाजं तयार केली, असं इतिहासकार झेनोफन सांगतो. एका ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या युद्धजहाजावर, सुमारे २०० माणसं लागत, त्यांतली १७० नुसती वल्ही मारायला. म्हणजे महिनाभरात २२,००० च्या आसपास माणसं हवी होती. म्हणून लढण्याच्या वयाचे सगळेच जहाजांवर चढवले, गुलाम आणि स्वतंत्र दोन्ही. श्रीमंत घोडेस्वारही त्यांत होते. या ताफ्याने आर्गिनुसीची लढाई जिंकल्यावर त्या गुलामांना स्वातंत्र्य मिळालं आणि प्लाटिआ या मित्रनगराच्या निर्वासितांना आधी दिला होता तसा नागरिकत्वाचा दर्जाही. जे त्या ताफ्यावर नव्हते, ते घरात, शेतात आणि लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत राबतच राहिले. पुढच्याच वर्षी अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या प्रहसनात पाताळाचा नावाडी झँथिअस या गुलामाला होडीत घेत नाही, कारण तो त्या लढाईत नव्हता. बिचाऱ्याला तळ्याला वळसा घालून पायी जावं लागतं.

दुसरा मुद्दा, युरिपिडीसच्या ओळी. त्याच्या ‘आयन’ या नाटकातलं वाक्य सर्रास उद्धृत होतं: गुलामाला लाज आणतं ते फक्त नाव, बाकी सज्जन गुलाम स्वतंत्र माणसापेक्षा कुठेच कमी नसतो. ओळ आहे, आणि जबरदस्त आहे. पण बोलतो कोण? मालकिणीचा म्हातारा सेवक. लगेच आधीच्या ओळींत तो नाटकाचा तरुण नायक आयन याला ठार मारायची तयारी दाखवतो आणि पुढे त्याच्या प्याल्यात विष घालतो. स्वतःची सुटका तो मागतच नाही. मालकांनी पोसलं त्याची परतफेड म्हणून खून करायला निघतो. ही ओळ जाहीरनामा म्हणून वापरायची तर हा प्रसंग कापावा लागतो, आणि नेमकं तेच केलं जातं. ‘हेक्युबा’ या त्याच्या नाटकात तर ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन ट्रॉयच्या बंदिवान राणीला, हेक्युबाला, विचारतो, स्वातंत्र्य हवंय का, ते सहज मिळेल. हेक्युबा नको म्हणते. तिला सूड हवा आहे, त्यासाठी ती जन्मभर दास्य पत्करायला तयार आहे.

म्हणे, शोकांतिकेने गुलामांची व्यथा मांडली. कुठल्या गुलामांची? हेक्युबा, कॅसँड्रा, अँड्रोमकी, टेक्मेसा या सगळ्या राजघराण्यांतल्या, युद्धात पकडल्या गेलेल्या, पुराणकाळातल्या. त्यांचं दुःख म्हणजे मुख्यतः उंचावरून पडणं. तो काळ दूरचा असल्यामुळे अथेन्सच्या प्रेक्षकाला रडता येत होतं आणि घरच्या गुलामाकडे बघावंही लागत नव्हतं. युरिपिडीसचं ‘ट्रोजन स्त्रिया’ ४१५ मध्ये रंगमंचावर आलं. पुढच्याच वर्षी शहराने जप्त मालमत्तेचा लिलाव केला, त्याचे शिलालेख आहेत. अथेन्सच्या पिरिअस बंदरातल्या एका परदेशी रहिवाशाच्या १६ गुलामांची त्यात यादी आहे: थ्रेसची बाई १६५ ड्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी), सीरियाचा पुरुष ३०१, कारिआचं लहान मूल ७२.

नाट्यगृह आणि मुक्ती यांचा खरा संबंध मात्र होता, आणि तो या दाव्यात येतच नाही. शोकांतिकांच्या वेळी जमलेल्या ग्रीकांना साक्षी ठेवून काही मालक आपला गुलाम मुक्त केल्याची दवंडी नाट्यगृहातच पिटवत. मुक्तीला हजारो साक्षीदार असले की पुढे कोणी ती नाकारू शकत नाही. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचंच होतं. पण कार्यक्रमात व्यत्यय येतो म्हणून कायद्याने ते बंद केलं आणि पुकारणाऱ्या दवंडीवाल्याचे नागरी हक्क काढून घ्यायची शिक्षा ठेवली. अथेन्सचा वक्ता इस्किनीस याच्या ३३० च्या भाषणात हे सगळं आहे.

राहिला लोकशाहीच्या उदारपणाचा मुद्दा. ४०३ मध्ये जुलमी राजवट उलथायला लोकशाहीवादी सेनानी थ्रॅसिब्युलसबरोबर लढलेल्यांत गुलामही होते. सगळ्यांना नागरिकत्व द्यायचा त्याचा ठराव आर्किनस या दुसऱ्या नेत्याने बेकायदा ठरवून पाडला. ३३८ मध्ये मॅसेडोनियाचा राजा फिलिप याने खैरोनियाला केलेल्या पराभवानंतर हायपेरायडीस या वक्त्याने गुलामांना मुक्त करून लढायला घेण्याचा ठराव मांडला. फिलिपशी तह झाला, धोका टळला आणि ठराव तिथेच विरला. वर त्याच्यावरच खटला भरला गेला. तो सुटला, हा ठराव मी नाही, खैरोनियाच्या लढाईने मांडला, असा त्याचा बचाव होता.