एलटीटीईची रसद आधी तुटली
श्रीलंकेत वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेवरच्या लेखात तिच्या पराभवाचं जवळजवळ सगळं श्रेय लष्कराच्या 2009 च्या जमिनीवरच्या मोहिमेला दिलंय, ते पटत नाही. 1976 साली प्रभाकरनने उभी केलेली ही संघटना एवढी वर्षं तगली ती रसदीवर. तोफगोळे भरलेली जहाजं किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर थांबायची. तिथून ट्रॉलरमधून माल थोडाथोडा करून ईशान्य किनाऱ्यावरच्या मुल्लैतिवूकडे यायचा आणि सी टायगर्सच्या, म्हणजे एलटीटीईच्या सागरी दलाच्या, वेगवान बोटी त्याला पहारा द्यायच्या. त्या घोळक्यातच स्फोटकांनी भरलेली आत्मघाती बोट मिसळलेली असे. श्रीलंकेच्या नौदलाच्या मोठ्या गस्ती नौकांना ती वेळेत ओळखता येत नसे, खरी अडचण ही होती. म्हणून नौदलानेही ‘ॲरो’ नावाच्या छोट्या, वेगवान बोटींचे ताफे उभे केले. मग 2007 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोल समुद्रात चार रसदजहाजं बुडवली. त्याआधी मार्च 2004 मध्ये एलटीटीईचा पूर्वेकडचा सेनापती करुणा फुटला आणि पूर्वेकडची भरती आटली होती.

शेवटच्या महिन्यांत चिंचोळ्या किनारपट्टीत अडकलेले हजारो तमिळ नागरिक मेले. एलटीटीईने त्यांना बाहेर पडू दिलं नाही, आणि लष्कराचे तोफगोळे सरकारनेच नागरिकांसाठी सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या ‘नो फायर झोन’मध्येही पडले. लेखात यावर एक ओळ नाही, याचं फार वाईट वाटलं.